टकळी, जाळं आणि कात : वटपौर्णिमेआधीच्या सात दिवसांच्या नोंदी

बुधवार, ४ जून २०२५

यंदा पाऊस २५ मेलाच कोकणात येऊन धडकला आणि चार दिवस धिंगाणा घालून दडी मारून बसला. तेव्हापासून नुसता उकाडा. वेंगुर्ल्यात दुपारी सुईदेखील हातात टिकत नाही, घामाने सटकते.

आज हातात असलेली कामं अशी. एका बाळाचं क्रोशाचं टोपरं आणि मोजे, ऑर्डरचे, सोमवारी कुरिअरला द्यायचेच. बाजारची पिशवी, स्वतःसाठी, दोरा आणून दोन महिने झाले, एक टाका नाही. सावंतवाडीची गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) बघून आल्यावर हौसेने सुरू केलेला दशावतारी संच, १२० पानांपैकी ३ झालेली. (दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. मी मत्स्यातच अडकले आहे.) चिरंजीव म्हणाले, "आई, तुझे छंद म्हणजे आपल्या पडवीतली मांजरं. एक आलं की मागून चार."

आणि आज पाचवं मांजर आलं. येत्या मंगळवारी वटपौर्णिमा आहे. दरवर्षी दुकानातून सुताचं बंडल आणून वडाला गुंडाळते. या वेळी ठरवलं की सूत स्वतः कातायचं. टकळी तीन वर्षांपूर्वी घेतलेली, वर्ध्याहून मागवलेले पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या वळ्या, डब्यात तसेच. नियम केला होता की एक काम संपल्याशिवाय दुसरं काढायचं नाही. नियम करते मी छान.

आधी हिशोब. संध्याकाळी टेप घेऊन देवळाकडच्या वडापाशी गेले. छातीच्या उंचीवर घेर ५ मीटर ४० सेंटीमीटर भरला. सात फेऱ्यांचे ३७.८ मीटर, वर गाठीला थोडं, म्हणजे ४० मीटर. एकेरी सूत तुटेल, म्हणून दुपदरी करायचं. म्हणजे एकेरी ८० मीटर तरी हवं. खादीच्या जुन्या मापात चार फुटांची एक तार, १६० तारांची लटी आणि चार लट्यांची गुंडी. मला लागणारं सूत अर्धी लटीसुद्धा नाही. आपल्याच कोकणातल्या, पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेले विनोबा काही काळ सूतकताईच्या मजुरीवर राहून पाहत होते. मला सहा दिवसांत अर्धी लटी जमू नये?

रात्री पहिला तास : ७ मीटर. त्यात जाड-बारीक गाठोळी इतकी की एका ठिकाणी गांडुळाने गिळलेलं काहीतरी दिसतं. टकळी जमिनीवर पडून गडगडण्याचे प्रसंग अकरा.

गुरुवार, ५ जून

टोपरं. सुती दोरा, २.५ मिमीची सुई. वर्तुळात सहा मुके खांब (क्रोशाचे आखूड टाके), मग प्रत्येक फेरीत वाढ. घेर पुरेसा झाला की वाढ थांबवून सरळ खाली यायचं होतं. ग्राहक ताईंनी बाळ तीन महिन्यांचं सांगितलंय, तेव्हा घेर ४० सेंटीमीटर धरला. नवजात बाळाचं डोकं साधारण ३५ असतं, तीन महिन्यांत ४० च्या आसपास जातं.

अंदाजासाठी बाळ कुठून आणायचं? परसातल्या ढिगातून सोललेले नारळ काढले आणि टेप लावत गेले. चौथा ३८ चा निघाला. त्याला शेंडी आहे, तीन डोळे आहेत, रडत नाही. त्यावर टोपरं चढवलं तर ते नारळाच्या नाकापर्यंत आलं, नारळाला नाक असतं तर. मोजलं, ४४. सकाळी गार हवेत विणलेला भाग घट्ट, दुपारी घामट हाताने विणलेला सैल. एकाच वस्तूत दोन ऋतू. सात फेऱ्या उसवल्या.

इथल्या हवेत क्रोशाच्या नमुन्यातलं माप तसंच्या तसं येत नाही, हे मी दर पावसाळ्यात नव्याने शिकते. आता ठरवलंय, ऑर्डरचं काम सकाळी सहा ते नऊ, हात पुसून, थोडी पावडर लावून.

टकळी : ९ मीटर. आज कमी तुटलं. पेळू ओढण्याआधी पीळ चढू द्यायचा आणि मग ओढायचं, मी उलट करत होते. कापसाचा तंतू दोन-तीन सेंटीमीटरचा. पिळाशिवाय तो कशाला धरून राहणार?

शुक्रवार, ६ जून

आज ज्या कामाची यादीत नोंदच नव्हती, त्यात चार तास गेले.

१ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. होड्या वर ओढून झापांखाली गेल्या आणि शेजारच्या तात्यांच्या अंगणात जाळी पसरली. दरवर्षी मी कुंपणावरून बघते. या वेळी टकळी हातात घेऊनच गेले. तात्यांनी टकळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्या काय करतंस? भोवरो?" समजावून सांगितलं. मग त्यांनी स्वतःची सुई पुढे केली. जाळ्याची सुई म्हणजे शिवणाची नव्हे. प्लास्टिकची, वीतभर लांब, चपटी, मधोमध जीभ कोरलेली, त्या जिभेला दोन्हीकडून दोरा गुंडाळून भरायचा. सोबत एक पट्टी. पट्टीची रुंदी जेवढी, तेवढा आस. म्हणजे जाळ्याचं एकेक घर.

गाठ अशी. दोरा पट्टीवरून खाली घ्यायचा, मागून वर आणायचा, वरच्या आसाच्या तळातून सुई पुढे काढायची आणि ओढून आस पट्टीच्या कडेला टेकवायचा. तिथे डाव्या अंगठ्याने दाबून धरायचं. मग दोऱ्याचा एक मोठा झोल डावीकडे वर फेकायचा, सुई आसाच्या दोन्ही पायांमागून नेऊन त्या झोलातून बाहेर काढायची आणि खाली ओढायचं. तात्यांना हे करायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दसपट मला हे लिहायला लागला.

माझ्या पहिल्या वीस गाठी सरकणाऱ्या झाल्या. दिसायला गाठ, बोटाने ढकलली की आसावरून खाली घसरते. तात्या दर वेळी एकच सांगत होते, "अंगठो सोडलंस काय गाठ गेली." ओढताना अंगठ्याखालची चिमट जराही ढिली झाली तर झोल आसाच्या मानेवर न बसता खाली बसतो, आणि तीच गाठ सरकती होते. एकविसावी बसली. बसली म्हणजे कळतं, हाताला बारीक टक्क असं जाणवतं. तंगूसच्या (नायलॉनच्या एकतारी दोऱ्याच्या) जाळ्यात मात्र तेवढ्याने भागत नाही. तो इतका गुळगुळीत की त्याला दुहेरी फेर घ्यावा लागतो. मी सुती दोऱ्यावर शिकत होते, म्हणून सुटले.

मग त्यांनी फाटलेलं जाळं दुरुस्त कसं करतात ते दाखवलं. मला वाटलं भोकाच्या कडांना दोरा जोडत जायचं. तात्यांनी कात्री घेतली आणि भोक आणखी मोठं केलं. "आधी काप." लोंबणारे, अर्धे तुटलेले पाय छाटले. कडेच्या बहुतेक गाठींना दोनच पाय उरले पाहिजेत, फक्त दोन ठिकाणी तीन पाय राहू द्यायचे. एका तीन पायांच्या गाठीपासून सुरुवात, दुसऱ्या तीन पायांच्या गाठीवर शेवट. मधलं सगळं रांगेने भरत जायचं. हे गणित चुकलं तर शेवटी एक पाय जास्त उरतो आणि जाळ्याला तिथे पोट सुटतं. मी पंचवीस वर्षं विणकाम करते, गळलेला टाका वर आणते, पण असं सुरुवात आणि शेवट आधी ठरवून भोक कापणं मला कधी सुचलं नसतं.

पाच वाजता लाइट गेले. ढग इतके भरलेले की पडवीत अंधारच. तात्यांचा हात थांबला नाही. डोळे माझ्याकडे, गप्पा गणपतीला मुंबईहून येणाऱ्या नातवंडांच्या, आणि खाली आसामागून आस. त्यांच्या लहानपणी जाळी सुती होती. दर थोड्या दिवसांनी ती ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळत घालावी लागत, नाहीतर कुजत. साल कुटायचं काम पोरांचं. नायलॉन आलं आणि ते काम गेलं, त्याचं त्यांना काडीचंही दुःख नाही.

टोपरं : एकही टाका नाही. टकळी : ५ मीटर, तेही रात्री अकराला, अपराधी मनाने.

शनिवार, ७ जून

सकाळी सहा ते नऊ टोपरं. घेर ४०.५. नारळाला बसलं, ग्राहकालाही बसेल.

नंतर रंग. वाडीतल्या झाडाखाली रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, शेवटचा सडा पडलाय. आगळ करून झालं, सोलं वाळवून झाली, तरी टोपलीभर उरली. ती साल चिरताना बोटं लालजर्द झाली आणि मनात आलं, पिशवीचा दोरा यात का नको? दोन महिने रंग सापडत नाही म्हणूनच तर अडलं होतं.

दोरा ५० ग्रॅम. आधी धुण्याच्या सोड्यात तासभर उकळला, कारण सुताला मेण आणि चिकटपणा असतो, तो गेल्याशिवाय पाणीसुद्धा आत शिरत नाही. खरं म्हणजे पुढची पायरी हिरड्याची. सुताला नुसती तुरटी धड चिकटत नाही. आधी हिरड्यासारखा तुरट अर्क पाजायचा, मग तुरटी त्याला धरते. पण हिरड्याने पिवळट छटा येते आणि मला तो शुद्ध लाल-गुलाबी हवा होता. शिवाय हिरडा रात्रभर भिजवावा लागतो. मागच्या वर्षी घाईने लोखंडी कढईत हिरडा घातला होता, तर दोरा करडा-काळा झाला होता, तोही राग होताच. म्हणून हिरडा वगळला. तुरटी साडेसात ग्रॅम, मग अर्धा किलो साल मंद आचेवर, उकळी न फुटू देता.

रंग काय सांगू. ओली लडी पातेल्यातून वर काढली तेव्हा नवरादेखील पेपर खाली ठेवून उठला. गोकर्णीच्या बाजूला जास्वंद ठेवावी असा काहीतरी. पडवीत सावलीला वाळत घातली आणि दिवसभर येता-जाता बघत बसले. दोन शेजारणींना बोलावून दाखवली.

टकळी : १४ मीटर. आनंदात हात चालतो.

रविवार, ८ जून

सकाळी लडी दांडीवर नव्हती. सासूबाईंनी धुतली. साबण लावून, घासून. "मळलेला वाटला, म्हणान धुतलंय."

लडीचा रंग आता जुन्या लादीपुसण्याचा. करडा, त्यात हिरवट झाक.

मी काही बोलले नाही, पण चेहरा बोलला असणार. त्यांनी भाताच्या डब्याचं झाकण जरा जोरात लावलं आणि म्हणाल्या, "सोलांचो रंग कधी रवता काय? माका इचारूचा होता." यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. सोलकढी सांडलेला परकर त्या चाळीस वर्षं धुताहेत.

चिडचिड जिरवायला चिरंजीवांना सोबत घेऊन तीन वाट्या मांडल्या. तिन्हींत रातांब्याचं पाणी. एकीत तसंच, दुसरीत जरा जास्त पाणी आणि सोड्याची चिमूट, तिसरीत साबणाचा फेस. लाल, जांभळट, मग निळसर-हिरवं. रातांब्याचा रंग आंबटात लाल असतो, अल्कली लागली की पलटतो. तिसऱ्या वाटीत आगळाचा चमचा घातला, परत गुलाबी. लडीचा एक तुकडा कापून आगळात बुडवला, तोही गुलाबी झाला. म्हणजे रंग गेला नव्हता, फक्त रुसला होता. पण जी पिशवी दर धुण्यानंतर सोलकढीत बुडवावी लागेल, ती घेऊन मी बाजारात जाणार नाही. आणि उन्हात तो विटणारच होता, तेही मला काल ठाऊक होतं. बघायचं नव्हतं, एवढंच.

उपाय सासूबाईंच्या पानाच्या डब्यात निघाला. त्यांनीच डबा पुढे सरकवला. पान खाताना कात आणि चुना भेटले की तोंड लाल होतं, तेच इथे. कात म्हणजे खैराच्या गाभ्याचं लाकूड उकळून आटवलेला अर्क, आपल्याकडे चिपळूण भागात होतो. त्यात टॅनिन भरपूर, म्हणून सुताला आपणहून धरतो. पंधरा ग्रॅम कात गरम पाण्यात विरघळवला, लडी तासभर बुडवली, पिळून चुन्याच्या निवळीत फक्त एक बुचकळी. विटकरी-तपकिरी झाली. वाळल्यावर मी स्वतः साबण लावला. पहिल्या पाण्यात थोडा उतरला, दुसऱ्या पाण्यात नाही. गुलाबीची सर नाही. पण हा रंग घरात राहणारा आहे.

तात्या कुंपणावरून म्हणाले, "आमची जाळी अशीच दिसत." तेव्हाच ठरलं, पिशवी क्रोशाची नको, जाळ्याच्या गाठीची करायची. दोन बोटांच्या पट्टीवर, गोल.

दुपारी जेवणानंतर पडवीत पहिली रांग घालायला बसले. सासूबाई पान लावत समोर. माझा हात बघता बघता पान लावायचं थांबलं.

"ही तर हेंची गाठ."

मला कळेना. सासरे आयुष्यात कधी होडीत चढले नव्हते. तरुणपणी लालबागला गेले आणि गिरणीत साचेखात्यात लागले. १९८२ चा संप झाला, काही महिने वाट बघितली आणि कुटुंब घेऊन गावी परतले ते कायमचे. त्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली.

सासूबाईंनी माझ्या टकळीवरचा दोरा घेतला, तोडला आणि दोन्ही टोकं डाव्या चिमटीत एकावर एक फुलीसारखी धरली. एका टोकाचा दोरा नखावरून फिरवून मागे नेला, दुसरं टोक त्या फासात दुमडलं, अंगठ्याने दाबलं, ओढलं. गाठ. ज्वारीच्या दाण्याहून लहान, चपटी. साच्यावर ताणातला धागा तुटला की तो असा सांधायचा, फणीतून न अडकता पार व्हावा म्हणून गाठ बारीक हवी. "दिवसाक शंभर मारीत. घरात येऊन माझ्या परकराची नाडी तुटली तरी हीच." चाळीत रात्री शिकवली होती म्हणे, गंमत म्हणून. 

मी त्यांची गाठ आणि तात्यांची गाठ शेजारी शेजारी ठेवली, चष्मा लावला आणि सुईच्या टोकाने दोन्ही सैल करून बघितल्या. एका दोऱ्याचा दुमडलेला फास, दुसरा खालून वर येतो, फासाच्या मानेमागून वळसा घेतो आणि स्वतःच्याच खाली दाबला जातो. दोन्हींत तेच. जाळ्यात तो फास म्हणजे वरचा आस, गिरणीत ते तुटलेल्या धाग्याचं टोक. करायची रीत वेगळी, एकाच्या हातात सुई, दुसऱ्याच्या हातात नुसतं नख. अंगठा तेवढा दोघांचाही.

मग तात्यांना हाक मारून दाखवलं. ते कुंपणाशी आले, गाठ हातात घेतली, ओढून बघितली. "बारीक मारल्यानी हा," एवढंच म्हणाले. सासूबाईंना ती पावती पुरली. त्यानंतर संध्याकाळपर्यंत घरात जे जे तुटलेलं होतं ते त्यांनी सांधलं, माझ्या केराच्या टोपलीतले टकळीचे तुकडेसुद्धा.

गंजिफा : काल वाळत ठेवलेलं चौथं पान दमट हवेने पापडासारखं वळलं. जुने कारागीर कापडाला चिंचोक्याची खळ लावून, वर खडूचा लेप देऊन शेवटी लाखेचा हात का देतात, ते आता समजलं. मी सरळ पुठ्ठा वापरला होता. संच पाऊस संपेपर्यंत बंद.

टकळी : २६ मीटर. कारण सांगायला नको.

सोमवार, ९ जून

टोपरं आणि मोजे सकाळी साडेदहाला कुरिअरला दिले. मोज्यांची नाडी घालायची विसरले होते, ती काउंटरवर उभ्या उभ्या ओवली. काउंटरवरचा मुलगा तोवर पाकिटावर पत्ता लिहीत होता, त्याने दोनदा घड्याळ बघितलं.

टकळीवर उरलेले २३ मीटर काढले. एकूण ८४. माझा शेवटचा मीटर आणि पहिला मीटर शेजारी ठेवले तर एकाच बाईने कातलेत असं वाटत नाही.

एक गोष्ट नोंदवण्यासारखी. पाऊस जवळ आला आणि हवा जड झाली, तसं सूत तुटायचं कमी झालं. कोरड्या हवेत कापूस ठिसूळ होतो आणि तंतू उडतात, दमट हवेत नीट धरून राहतात. सुती गिरण्यांना मुंबईची हवा मानवली त्यात हेही एक होतं. म्हणजे ज्या दमटपणाने माझं टोपरं बिघडवलं आणि गंजिफाचा पापड केला, त्यानेच टकळी चालवली.

दुपारी दोन पदर एकत्र करून उलट पीळ दिला. एकेरी सुताला उजवीकडे पीळ असेल तर दुपदरी करताना डावीकडे, नाहीतर उलगडून जातं. पिळात थोडं आखडलं, हातात ४१ मीटर आलं. हवे होते ४०. स्वतःच्या हिशोबावर इतकी खूश झाले की एक अनावश्यक गोष्ट केली. विणकर धाग्याला खळ लावतात, तर मी का नको, म्हणून सकाळच्या पेजेचं वरचं पाणी गाळून त्यात लडी बुडवली. संध्याकाळी पाऊस आला. खराखुरा, वाऱ्यासकट. लाइट गेले. रात्री दहा वाजता लडी ओलीच, तिला आंबूस वास यायला लागला. साध्या पाण्यातून काढून पिळून चुलीजवळ टांगली आणि झोपले.

मंगळवार, १० जून

सूत दमटच होतं. तसंच गुंड्यासारखं गुंडाळलं.

ताटात आंबा, फणसाचे गरे, जांभळं, करवंदं, केळी. निघताना सासूबाई पडवीत बसलेल्या. गेली नऊ वर्षं त्या या दिवशी देवळाकडे फिरकत नाहीत. मी म्हटलं, "आई, गुंडा धरायला कुणीतरी हवंय. माझं सूत आहे, ओढलं तर तुटेल." त्यांनी मला निरखून बघितलं. मग खुंटीवरची छत्री काढली.

वडाखाली दहा-बाराजणी होत्या. सासूबाई पाराच्या कोपऱ्यावर, गुंडा ओच्यात. एकीने दुसरीकडे पाहिलं, मग दोघीही आपापल्या ताटाकडे वळल्या. मी पहिलं टोक बुंध्याला बांधलं आणि चालायला लागले. ओच्यातून सूत सुटत होतं, बारीक सरसर. पाऊस रिमझिम. शेजारणींची दुकानातली सुतं पारंब्यांच्या खरबरीत सालीला अडकून तुटत होती, माझं एकदाही नाही. कापूस ओला झाला की कमजोर नव्हे, जास्त मजबूत होतो. हे मला माहीत होतं, पण रात्री चुलीजवळ लडी वाळवताना आठवलं नाही.

सहाव्या फेरीला ओच्यात फारच थोडं उरलेलं दिसलं. सातवी निम्म्यावर यायच्या आत संपलं.

बुधवारी मी बुंध्याला टेप घट्ट आवळून माप घेतलं होतं. आज सूत गेलं ते बुंध्यालगत उतरलेल्या दोन जाड पारंब्यांना बाहेरून वळसा घालून, आणि आधीच्या बायकांच्या सुताच्या थरावरून. फेरी सहा मीटर चाळीसच्या पुढे गेली असणार. (दुपारी तात्यांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. "झाडाक मिठी मारून माप घेतलंस काय?" दोर नेहमी वावाने (दोन्ही हात पसरून होणाऱ्या मापाने), सैल मोजायचा आणि वर एक वाव जास्त धरायचा, हे त्यांनी मला शुक्रवारीच विचारल्यास सांगितलं असतं.)

शेजारच्या काकींनी आपलं बंडल पुढे केलं, "घे गो, उरलंला माझा." त्यांच्या कोरड्या, गुळगुळीत सुताला माझं ओलं, गाठाळ सूत जोडायचं होतं. मी साधी गाठ मारली, ओढल्यावर सुटली. दुसरीही. तोवर सासूबाई पारावरून उठून जवळ आल्या होत्या. दोन्ही टोकं माझ्या हातातून घेतली, फुली, नखावरून वळसा, अंगठा, टक्क. उरलेली टोकं दाताने तोडली.

"चल," म्हणाल्या.

मी चालायला लागले. बंडल आता त्यांच्या हातात होतं, आणि मी झाडामागे गेले की त्याही दोन पावलं पुढे यायच्या.

संध्याकाळची नोंद : वडाचं सूत, माझं ४१ मीटर, काकींचं साधारण ४. पिशवी, नऊ रांगा, चुकलेल्या गाठी तीन, त्या काढल्या नाहीत. गंजिफा, १२० पैकी ३. पेळू डब्यात मूठभर उरलेत. डबा बंद करायला घेतला तर सासूबाई पान चघळत म्हणाल्या, "बंद कित्याक करतंस? फुडल्या वर्षाक आतापासून कात."